बारा ट्यूबांची झोप

शुभंकर अमेरिकेहून परत आला त्या दिवशी कस्तुराक्कांनी आपला इडलीचा ग्राइंडर बंद ठेवला, आणि नागनाथराव सदलग्यांच्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती तिथून.

त्या ग्राइंडरचं महत्त्व बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. मत्तीकेऱ्यातल्या त्या घरात मागच्या खोल्यांत घरमालकीण कस्तुराक्का, खाली नागनाथराव आणि त्यांची बायको प्रतिमा, वर पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला शुभंकर आणि त्याची मुग्धा, अशी मांडणी होती. ग्राइंडर आणि नागनाथरावांची उशी यांच्यामध्ये फक्त एक भिंत. रोज पहाटे साडेपाचला तो दगड फिरायला लागला की नागनाथरावांची कवटी त्याच्याबरोबर फिरायची. याबद्दल त्यांनी कस्तुराक्कांना तीनदा तोंडी आणि एकदा लेखी विनंती केली होती. कस्तुराक्कांचं घराणं चार पिढ्यांपूर्वी बंगळूरला आलेलं. त्यांनी लेखी विनंतीचा कागद नीट घडी घालून डब्याखाली ठेवला आणि म्हणाल्या, "अय्यो, पीठ काय मध्यान्ही वाटायचं की काय? स्वल्प अडजस्ट करा की हो."

आणि आज त्याच कस्तुराक्का जिन्याच्या तोंडाशी ओठावर बोट ठेवून उभ्या होत्या.

"हळू चाला. वर शुभंकर झोपलाय. जेटलॅग झालाय त्याला."

हे त्यांनी 'मुलगा झालाय'च्या चालीवर सांगितलं.

आता खरं म्हणजे झोप न येणं या विषयात त्या घरात कुणाचा अधिकार असेल तर तो नागनाथरावांचा होता. गेली नऊ वर्षं ते साडेदहाला अंथरुणावर पडत आणि दोन वाजेपर्यंत पंख्याची पाती मोजत. पाती तीनच होती; तरी मोजत. सकाळी आठला यशवंतपूरच्या वजनकाट्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून हजर व्हायचं, म्हणजे साडेसहाला उठणं आलं. दुधातून जायफळ झालं, तळपायाला एरंडेल झालं, उत्तरेकडचं डोकं दक्षिणेकडं झालं. निपाणीहून आलेल्या सासऱ्यांनी तर "दिवसा काम केलं की रात्री झोप येती," एवढं निदान करून परतीची गाडी धरली. पण नऊ वर्षांत या दुखण्याला कुणी नाव दिलं नाही. नाव नाही म्हणून मान नाही. आणि हा सव्वीस वर्षांचा पोरगा तीन आठवडे न्यू जर्सीला काय जाऊन आला, त्याला इंग्रजी नावाचं दुखणं लगेच मिळालं!

सुटीच्या त्या दुपारी नागनाथराव घरात शिरले तर प्रतिमाबाई वाटीत मऊ भात, वर तूप, वर मेतकूट असं रचत होत्या.

"मला आज भूक नाही," नागनाथराव म्हणाले. खरं तर होती. पण आधी थोडे आढेवेढे घ्यावेत असा विचार होता.

"तुम्हाला नाही हो. वर नेते. सकाळपासून पोटात काही नाही बिचाऱ्याच्या."

बिचारा! नागनाथराव कॉटवर टेकले. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. मूतखडा झाला, स्कूटरवरून पडले, एकदा तर कारखान्यात पन्नास किलोचं वजन पायावर पडलं. पण 'बिचारा' हा शब्द काही या घरात उतरला नव्हता. तो थेट वरच्या मजल्यावर गेला.

जेटलॅग दिसतो तरी कसा, हे बघायला तेही बायकोमागून वर गेले.

तो विशेष काही दिसत नव्हता. शुभंकर पोपटांची चित्रं असलेली अर्धी चड्डी घालून सोफ्यावर पडला होता आणि मुग्धा त्याला शहाळं देत होती.

"या काका," शुभंकर म्हणाला. नागनाथराव सेहेचाळीस वर्षांचे होते. "अहो, बॉडी क्लॉक पार उलटंपालटं झालंय. म्हणजे मेंदूत एक घड्याळ असतं, ते उजेडावर चालतं. डोळ्यात लख्ख उजेड गेला की ते समजतं, दिवस आहे. अंधार पडला की मेलॅटोनिन नावाचं हार्मोन तयार होतं आणि मग झोप येते. माझा मेंदू अजून न्यू जर्सीच्या टायमावर आहे. तिथे आता रात्र."

"काय बाई तरी एकेक," प्रतिमाबाई म्हणाल्या आणि वाटी त्याच्या हातात दिली.

"तिकडे हे मेलॅटोनिन दुकानात गोळ्यांमधे मिळतं. सध्या क्रेझ आहे. काका, तुम्हाला पण झोपेचा प्रॉब्लेम आहे ना? घ्या ना ही बाटली."

उशिरा का होईना, कुणीतरी विचारलं होतं. पण ते शुभंकरनं विचारावं हे नागनाथरावांना सोसलं नाही.

"नको," ते छाती पुढं काढून म्हणाले. "आमच्यात ते घरचं तयार होतं."

"तेही बरोबर आहे म्हणा. मग लाइट ट्राय करा. तिकडे लाइट बॉक्स असतात. भरपूर ट्यूबा लावलेली पेटी. तिच्यासमोर रोज अर्धा-पाऊण तास बसायचं. फक्त एक लक्षात ठेवा, ते..."

या ठिकाणी काय घडलं ते नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. या ठिकाणी प्रतिमाबाईंनी दुसऱ्या डब्याचं झाकण काढलं. त्यात लिंबाचं गोड लोणचं होतं. ते लोणचं पाहुण्यांसाठी म्हणून फळीवर मागं ठेवलेलं, नागनाथरावांना रविवारी एकच फोड मिळायची. प्रतिमाबाईंनी शुभंकरला तीन फोडी वाढल्या. नागनाथरावांनी त्या मोजल्या. शुभंकर आणखी दोन-तीन वाक्यं बोलला. पहिल्या फोडीपासून तिसऱ्या फोडीपर्यंतचं एकही वाक्य नागनाथरावांच्या कानात शिरलं नाही.

खाली येताना त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होती: पेटी. शुभंकरनं नुसती पाहिलेली पेटी आपण करून दाखवायची.

चामराजपेटेत परसू मेस्त्री म्हणून सुतार होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मासं ठेवणार काय?"

"मासे नाही. मी समोर बसणार."

"आणि करणार काय?"

"काही नाही. बसणार."

परसू मेस्त्रीनं पेन्सिल कानावरून काढली, परत कानावर ठेवली, आणि फूटपट्टी उघडली. दोन आठवड्यांनी पेटी तयार झाली: साडेचार फूट लांब, चार फूट उंच, आत आठ ट्यूबांची जागा, मागं पांढरा सनमायका. ती रिक्षात मावेना. रिक्षावाला म्हणाला, "स्वल्प जास्ती कोडी सार," जादा भाडं ठरवलं आणि पेटी आडवी घातली. पेटी आत बसली, मग नागनाथरावांना जागा उरली नाही. ते दुसऱ्या रिक्षानं पहिलीच्या मागून आले. मत्तीकेऱ्यात दोन रिक्षांची ती मिरवणूक शिरली तेव्हा शेजारच्यांना वाटलं, सदलग्यांनी शोकेस घेतली.

शेजारी म्हटलं की सल्ला आला. समोरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, पेटीचं तोंड पूर्वेला करा. कस्तुराक्का म्हणाल्या, ट्यूबा आधी देवापुढं लावून आणा. मुग्धा जिन्यातून वाकून म्हणाली, "काका, किती क्यूट!" हे शेवटचं नागनाथरावांना फार लागलं.

कामावरून यायचं, जेवायचं आणि साडेनऊ ते अकरा पेटीसमोर बसायचं असं ठरलं. झोपायच्या आधी झोपेचं औषध, यात चुकीचं काय? जायफळाचं दूधही रात्रीच घेतात. पहिल्या रात्री आठही ट्यूबा फडफडत पेटल्या तेव्हा पुढच्या खोलीत असा पांढराधोप उजेड पडला की भिंतीवरच्या कॅलेंडरमधली लक्ष्मीसुद्धा डोळे मिटेल असं वाटलं. नागनाथराव लुंगी-बनियनवर ताठ बसले. चोक गुणगुणत होते. खिडकीतून गल्लीतले सगळे किडे आत आले आणि त्यांच्यामागून चार पाली.

दहा वाजता दारात एक माणूस उभा राहिला. हातात पत्र्याची ट्रंक.

"हुबळी एस्टीडी एष्टु?" त्यानं फोनचा दर विचारला.

"हा बूथ नाही," नागनाथराव म्हणाले.

माणसानं उजेडाकडं बघितलं, ताठ बसलेल्या नागनाथरावांकडं बघितलं. "लाइन बिझी आहे काय?" असं विचारून तो पायरीवर थांबायला बसला. आठवडाभरात असे सात जण येऊन गेले. एक झेरॉक्ससाठी होता.

आणि झोप? पूर्वी दोनला यायची, ती आता तीनला यायला लागली. दुसरा कुणी असता तर थांबला असता. पण वर शुभंकर पाच दिवसांत खडखडीत बरा होऊन शीळ घालत कामावर जाऊ लागला होता. तेव्हा नागनाथरावांनी औषध कमी पडतंय असं अनुमान काढलं. परसू मेस्त्रीकडून त्यांनी पेटीला वरून आणखी एक माळा चढवून घेतला. आठाच्या बारा ट्यूबा झाल्या. झोप चारला यायला लागली.

बारा ट्यूबांच्या तिसऱ्या रात्री मुग्धानं वर इस्त्री लावली आणि खाली फट्‌ असा आवाज होऊन सगळं घर अंधारात गेलं. लाइनमन सकाळी आला. फ्यूजकडं त्यानं जेमतेम पाहिलं. पेटीसमोर मात्र बराच वेळ उभा राहिला आणि वहीत काहीतरी लिहून गेला. दोन दिवसांनी कस्तुराक्कांच्या नावानं नोटीस आली: घरगुती जोडणीवर व्यापारी वापर. खुलासा करावा. कस्तुराक्कांनी ती न वाचताच नागनाथरावांच्या हातात ठेवली. "सरी, आता ही तुम्ही अडजस्ट करा."

वीज कार्यालयातल्या कारकुनाचं वागणं अत्यंत सभ्य होतं, आणि त्यामुळंच जास्त त्रास झाला.

"बारा ट्यूबा. कसलं दुकान, सार?"

"दुकान नाही. झोपेसाठी आहे."

कारकुनानं पेन उचललं, मग खाली ठेवलं. "झोपायला लाइट बंद करतात, सार."

"हा शास्त्रीय प्रकार आहे. मेंदूत घड्याळ असतं..."

नागनाथरावांनी मेंदूतलं घड्याळ, उजेड आणि मेलॅटोनिन सगळं सांगितलं. ऐकायला शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून आले. शेवटी कारकून मनापासून म्हणाला, "पटलं, सार. पण फॉर्मवर तीनच रकाने आहेत. घरगुती म्हटलं तर तुमचा मंजूर भार संपलाय. व्यापारी म्हटलं तर लायसन दाखवा. राहिलं तात्पुरती रोषणाई. ते मी आज देतो. लग्नपत्रिका जोडा."

"कुणाच्या लग्नाची?"

"ते तुमच्याकडं, सार."

नागनाथराव सेहेचाळीस वर्षांचे, लग्न झालेले, एकुलती मुलगी धारवाडला बीएस्सीच्या पहिल्या वर्षात. पत्रिका कुठून आणणार? वाढीव भाराचा अर्ज करून ते कारखान्यात पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. स्टोअरमध्ये तीनशे किलोचा एक नवा प्लॅटफॉर्म काटा पाठवणीला उभा होता. त्याचं लेबल बघायला ते त्यावर टेकले.

जाग आली तेव्हा भोवती पॅकिंगची सगळी माणसं गोळा झाली होती आणि मध्ये वर्क्स मॅनेजर उभे होते. तपासणीच्या रजिस्टरात कुणीतरी इमानानं नोंदही करून ठेवली होती: वजन ७१ किलो ४०० ग्रॅम. काटा पाऊण तास स्थिर.

"सदलगे," मॅनेजर म्हणाले, "काटा उत्तम आहे. तुमचं मात्र डॉक्टरांकडून तपासून आणा. चिठ्ठी आणल्याशिवाय स्टोअरची किल्ली मिळणार नाही."

अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या कमरेला किल्ली नव्हती. कंपनीच्या डॉक्टर वीणा राव यांच्यासमोर बसताना त्यांचा हात सारखा तिथं जात होता. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, पेटीची हकिगत लक्ष देऊन ऐकली.

"कल्पना चांगली आहे. सकाळी किती वाजता बसता?"

"सकाळी कुठलं? रात्री. साडेनऊ ते अकरा."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. "मिस्टर सदलगे, तुम्ही रोज रात्री मेंदूला सांगताय की दुपार आहे. तो बिचारा ऐकतोय. उजेड सकाळी घ्यायचा असतो, म्हणजे घड्याळ पुढं सरकतं. तुम्ही ते रोज मागं ढकललंत. आता तुमची मध्यरात्र पहाटे पाच-सहाला होतेय. तुम्ही बंगळूरमधून न हलता जेटलॅग करून घेतलाय!"

नागनाथराव खुर्चीत पुढं सरकले. त्यांचा चेहरा उजळला.

"काय म्हणालात?"

"जेटलॅग. म्हणजे तसाच प्रकार."

"डॉक्टर," ते हळू आवाजात म्हणाले, "हे लेटरहेडवर लिहून देता काय?"

ती चिठ्ठी त्यांनी बसमध्ये चार वेळा वाचली. विमान नाही, पासपोर्ट नाही, कुणाच्या कंपनीचा पैसा नाही. स्वतःच्या कष्टानं मिळवलेला जेटलॅग! घरी आले तर सगळे जिन्यापाशीच होते. कस्तुराक्का शेवग्याच्या शेंगा निवडत होत्या, प्रतिमाबाई त्यांना मदत करत होत्या, शुभंकर आणि मुग्धा नुकते कामावरून येऊन बूट काढत होते. नागनाथरावांनी चष्मा लावला आणि चिठ्ठी मोठ्यानं वाचली.

आधी मुग्धाला हसू आवरेना. कस्तुराक्कांना तिचं बघून आलं. आणि मग, सगळ्यात वाईट म्हणजे, प्रतिमाबाईंना आलं.

"काका, रात्री?" शुभंकर म्हणाला. "अहो, मी तुम्हाला तीनदा म्हटलं होतं, सकाळी. रात्री अजिबात नको म्हणून."

"खोटं! मुद्दाम सांगितलं नाहीस तू मला!" नागनाथराव पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे करत होते.

"सांगितलं होतं हो त्यांनी," प्रतिमाबाई म्हणाल्या. "मी तिथंच होते. तुम्ही लोणच्याकडं बघत होता."

यावर नागनाथराव काही बोलले नसते तर बरं झालं असतं. पण इतक्या दिवसांची झोप थकलेला माणूस तोलून बोलत नाही.

"बघत होतो! तीन फोडी वाढल्यास त्याला! पाच दिवस झोप नाही तर मऊ भात, शहाळं, ग्राइंडर बंद. आणि मी? नऊ वर्षं, प्रतिमा! नऊ वर्षं मी पंख्याकडं बघत पडतो. एकदा तरी बिचारा म्हणालीस मला? एकदा तरी?"

जिन्यात कुणी हसेना. शुभंकरनं काढलेला बूट परत पायात घातला. प्रतिमाबाईंनी हातातली शेंग परातीत ठेवली आणि उभ्या राहिल्या.

"त्यांना मी वाटीभर भात दिला," त्या म्हणाल्या. "परका माणूस, त्याला काय, भात दिला की झालं. तुम्हाला मी नऊ वर्षं माझी झोप दिली. रोज एक वाजेपर्यंत तुमच्याशी बोलत बसते ते काय मला झोप येत नाही म्हणून? साडेपाचला नळ येतो, तेव्हा उठतं कोण? पडल्या पडल्या डोळे मिटायचे माझे. पण तुम्ही एकटे जागे राहाल म्हणून जागते. कारखान्यातलं कुठलं वजन कुणी चुकीच्या रॅकवर ठेवलं ते सगळं पाठ आहे मला."

नागनाथराव चिठ्ठीची घडी घालत राहिले. ती आधीच घातलेली होती.

"सरी, सरी," कस्तुराक्का डोळे पुसत म्हणाल्या, "मी सगळ्यांना कॉफी टाकते."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला प्रतिमाबाईंनी त्यांना दंड धरून उठवलं आणि गच्चीवर नेलं. ते झोपेत जिना चढले. एक पायरी चुकली, ती मोजून परत चढले. वर पाण्याच्या टाकीशी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. सहाच्या पुढं यशवंतपूरच्या बाजूच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसू लागल्या, मग पूर्वेकडून उजेड आला, फुकट, चोकशिवाय आणि वाढीव भार न मागता. नागनाथराव डोळे किलकिले करून त्यात बसले. बाजूला प्रतिमाबाई चहा पीत होत्या. सकाळच्या उजेडात त्यांनी बायकोचा चेहरा खूप दिवसांनी निवांत पाहिला. डोळ्यांखाली काळं आलं होतं. ते बघून ते म्हणाले, "उजेड चांगला आहे."

"हं," प्रतिमाबाई म्हणाल्या.

रोज सकाळी गच्ची आणि रात्री नऊनंतर फक्त झिरोचा दिवा, असा डॉक्टरांचा हुकूम होता. पेटी कस्तुराक्कांनी नेली आणि उभी करून तिच्यात लोणच्याच्या बरण्या लावल्या. पहिल्या आठवड्यात झोप अडीचला आली, तिसऱ्यात बाराला. सहाव्या आठवड्यात नागनाथराव दहा वाजता अंथरुणावर पडले, पांघरूण ओढायला हात केला आणि तो हात तसाच अर्ध्यावर राहिला. स्टोअरची किल्ली तर केव्हाच परत मिळाली होती.

त्याच आठवड्यात शुभंकर अमेरिकेची दुसरी खेप करून परत आला.

रात्री एक वाजता तो वर टक्क जागा होता. मेलॅटोनिनची बाटली संपली होती. खालून, फरशीतून, एक संथ, भरदार, निर्धास्त घोरणं वर येत होतं. शुभंकरनं कूस बदलली, उशी कानावर घेतली, काढली.

"ऐकतेस का," तो मुग्धाला म्हणाला, "कसला झोपतो हा माणूस! नशीब लागतं यार."

मागच्या खोलीत कस्तुराक्कांना म्हातारपणाची जाग आली होती. त्यांनीही भिंतीकडं कान दिला. "एन निद्दे अप्पा, काय ही झोप," त्या पुटपुटल्या आणि सुस्कारा टाकला.

आणि खाली प्रतिमाबाई उशीवर कोपर टेकून जाग्या होत्या. नऊ वर्षांची सवय. एक वाजेपर्यंत डोळा लागायचा नाही. धारवाडहून मुलीचं पत्र आलं होतं, ती हॉस्टेल बदलायचं म्हणत होती. ते त्यांना सांगायचं होतं.

"अहो," त्या म्हणाल्या. "झोपला काय?"

थोडं थांबून त्यांनी पुन्हा एकदा विचारलं. मग सेहेचाळीस वर्षांच्या त्या तृप्त, उघड्या तोंडाच्या चेहऱ्याकडं त्या बघत राहिल्या, आणि त्यांना त्याचा असा हेवा वाटला की जन्मात कुणाचा वाटला नव्हता. वरचा हेवा करत होता, मागची करत होती, बाजूची करत होती. नागनाथराव सदलग्यांच्या आयुष्यात असा प्रसंग पहिल्यांदाच आला होता, आणि त्याचं त्यांना काहीही कळलं नाही.